जॉर्ज टाउन पायी फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनांगला आम्ही काही वर्षं राहिलो. परत येऊनही आता बरेच दिवस झाले, पण दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की नातेवाईक, त्यांचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे साडू यांचे निरोप सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच, म्हणून एकदाच सगळे इथे लिहून ठेवले आहेत. साधे आधी, अडचणीचे नंतर.

1. आम्हाला पेनांगला जायचंय. मग हे जॉर्ज टाउन वेगळं आहे का?

पेनांग हे मलेशियातलं राज्य. त्यात एक बेट येतं आणि समोरच्या किनाऱ्याची एक पट्टी. जॉर्ज टाउन हे त्या बेटावरचं जुनं शहर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने 1786 मध्ये ते वसवलं आणि तिसऱ्या जॉर्ज राजाचं नाव दिलं. मलायमध्ये बेटाचं नाव ‘पुलाउ पिनांग’, म्हणजे सुपारीचं बेट. कंपनीने इथे जकातमुक्त बंदर उघडलं. मग दक्षिण चीन, तमिळनाडूचा किनारा, आचे, अरबस्तान, ब्रह्मदेश, सयाम अशा सगळीकडून व्यापारी आणि मजूर आले. प्रत्येक जमातीने आपापली गल्ली धरली आणि देऊळ किंवा मशीद बांधली. 7 जुलै 2008 रोजी मलाका आणि जॉर्ज टाउन या दोघांना मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. पायी फिरायचा भाग तो हाच.

2. गाइड न घेता जमेल का? भाषेचं काय?

जमेल. जुना भाग आटोपशीर आहे, रस्ते बऱ्यापैकी काटकोनात आहेत आणि चुकलात तर मान वर करून कोमतारचा उंच मनोरा शोधायचा, दिशा कळते. इंग्रजी बहुतेकांना येतं. लिटल इंडियात तमिळ, चिनी दुकानांत हॉक्कियन आणि सगळीकडे मलाय. गाइड वाईट असतात असं नाही, पण त्यांना तुम्हाला बारा ठिकाणी उभं करायचं असतं. या शहरात उभं राहण्यापेक्षा रेंगाळणं महत्त्वाचं.

3. किती वेळ ठेवू?

दोन सकाळी आणि एक संध्याकाळ. एकाच दिवसात उरकणारे दुपारी एक वाजता कुठल्या तरी पायरीवर घामाघूम बसलेले दिसतात आणि मग संध्याकाळी मॉलमध्ये सापडतात. तुमच्याकडे खरोखरच दोन-तीन तास असतील तर प्रश्न 16 पाहा.

4. सकाळी सहाला निघालो तर उन्हाच्या आधी होईल ना?

सहाला काळोख असतो! सगळा मलेशिया एकाच घड्याळावर चालतो आणि पेनांग पश्चिमेच्या टोकाला, त्यामुळे सूर्य सात ते साडेसातच्या दरम्यान कधीतरी उगवतो. भारताच्या अडीच तास पुढचं घड्याळ, म्हणजे पहिल्या दिवशी तुमचं शरीर तसंही झोपेतच असेल. साडेसातला बाहेर पडा, साडेदहापर्यंत चाला, दुपारी खोलीत पडून राहा आणि साडेचारला पुन्हा निघा. मावळायलाही सात वाजून जातात, संध्याकाळ भरपूर मिळते.

पाऊस वर्षभर कधीही येतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त. डिसेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात कोरडे. छत्री मात्र बारा महिने, कारण ती पावसाइतकीच उन्हाला लागते.

5. सुरुवात कुठून आणि शेवट कुठे? एकच रस्ता सांगा.

सांगतो. किल्ल्यापासून निघून समुद्रावर शेवट.

फोर्ट कॉर्नवॉलिस फार मोठा नाही. दहा मिनिटं पुरतात, बाहेरून पाहिलात तरी चालेल. मराठी माणसाने तिथे एक आठवण मात्र ठेवावी: 1797 मध्ये मनिलावरच्या मोहिमेच्या तयारीत आर्थर वेलस्ली हा इंग्रज सेनानी या बेटावर येऊन गेला होता. ती मोहीम बारगळली. सहा वर्षांनी, 1803 मध्ये, तोच जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांसमोर उभा होता.

किल्ल्याकडून फारक्वार रस्त्यावर आलात की पांढऱ्या खांबांचं सेंट जॉर्ज चर्च, 1818 सालचं. तिथून दक्षिणेकडे जालान मस्जिद कपितान केलिंग धरा. जुनं नाव पिट स्ट्रीट. चर्च, देवळं, मशिदी एकापाठोपाठ असलेला हाच तो प्रसिद्ध रस्ता. चर्चनंतर थोड्या अंतरावर करुणेच्या देवीचं, म्हणजे क्वान यिनचं देऊळ. साधारण 1800 च्या सुमाराचं, धुराने काळवंडलेलं, अंगणात माणसाच्या उंचीच्या जाडजूड उदबत्त्या. रस्त्याला समांतर असलेल्या शेजारच्या गल्लीत, लेबुह क्वीनवर, 1833 चं श्री महामारियम्मन मंदिर. पुन्हा मुख्य रस्त्यावर या, पुढे कपितान केलिंग मशीद: 1801 मध्ये तमिळ मुसलमानांचा पुढारी कादर मोहिदीन याने उभी केलेली. आणखी पुढे, लेबुह आचेहवर, 1808 ची आचेनी मशीद. एका अरब व्यापाऱ्याने ती बांधली. एके काळी मक्केला जाणारे यात्रेकरू या गल्लीत मुक्काम करून जहाज धरायचे, म्हणून तिला ‘दुसरं जेद्दा’ म्हणत. चर्चपासून इथपर्यंतचं अंतर एक किलोमीटरसुद्धा नाही.

मशिदीजवळच खू कोंगसी. कोंगसी म्हणजे एका आडनावाच्या भावकीचं घर: कुलदैवत, पूर्वजांच्या पाट्या, सभा, भांडणं मिटवणं, सगळं तिथे. आधीची इमारत 1901 मध्ये जळाली. राजवाड्याहून देखणी झाल्यामुळे देवांचा कोप झाला, असं म्हणतात. मग भावकीने जरा हात आखडता घेऊन 1906 मध्ये आजची पूर्ण केली. हात आखडता घेतल्यावर हे असं, तर आधीची कशी असेल! इथे तिकीट आहे, पण पैसे वसूल होतात. छतावरच्या कोपऱ्यात चिनी मातीच्या तुकड्यांच्या बाहुल्या बसवल्या आहेत, मान दुखेपर्यंत पाहा.

मग लेबुह अर्मेनियनने पूर्वेकडे चालत सरळ समुद्रापर्यंत जा. 120 क्रमांकाच्या घरात 1910 च्या सुमारास चिनी नेते सन यत-सेन यांच्या क्रांतिकारक संघटनेचं ठाणं होतं. शेवटी रस्ता ओलांडलात की चू जेटी (प्रश्न 10). एकूण अडीच-तीन किलोमीटर, पण आमचा अनुभव असा की याला पूर्ण सकाळ लागते.

6. नकाशावर एकाच रस्त्याची दोन-दोन नावं दिसतात. आणि ‘गट’ म्हणजे काय?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबेल.

जालान म्हणजे रस्ता. लेबुह म्हणजेही रस्ता, जुन्या शहरातला. लोरोंग म्हणजे गल्ली. सरकारी पाटीवर ‘लेबुह पंताई’, म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘बीच स्ट्रीट’ आणि हॉक्कियनमध्ये आणखी तिसरंच काहीतरी. पत्ता विचारताना दोन्ही नावं सांगा, एक तरी लागू पडतं.

आता लेबुह पंताई, म्हणजे किनाऱ्याचा रस्ता. तिथे उभं राहून समुद्र शोधाल तर दिसणार नाही. 19व्या शतकाच्या अखेरीस भराव घालून किनारा पुढे सरकवला. मुंबईकरांना याचं नवल नको. भराव झाल्यावर जुने रस्ते समुद्राकडे लांबवले आणि त्या लांबवलेल्या तुकड्यांना म्हणायला लागले ‘गट’: गट लेबुह अर्मेनियन, गट लेबुह चुलिया. हा गट म्हणजे आपला घाट. वाईला, पैठणला पाण्यात उतरतो तोच. कंपनीच्या लोकांनी हा शब्द हिंदुस्तानातून सोबत नेला आणि गोदीत उतरवला. माल उतरवायचा धक्का म्हणजे घाट. पाणी दूर गेलं, पायऱ्या गेल्या आणि पाटीवर ‘गट’ राहिला. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा भर उन्हात त्या पाटीखाली उभा राहून एकटाच हसत होतो.

एकदा कान तयार झाला की थांबवत नाही. बहासा म्हणजे भाषा, नामा म्हणजे नाव, बुमी म्हणजे भूमी, मानुसिया म्हणजे माणूस, काचा म्हणजे काच, इस्तेरी म्हणजे बायको. नवऱ्याला ‘सुआमी’ म्हणतात! दुकानाला ‘केदाई’, तो तमिळ ‘कडई’वरून. टेबलाला ‘मेजा’, तो पोर्तुगीजांकडून. मात्र डोसा मागताना जपून. मलायमध्ये ‘दोसा’ म्हणजे पाप. पाटीवर ‘तोसई’ लिहिलेलं असतं, तेच मागा.

7. मशिदीत आणि चिनी देवळात आम्हाला आत जाऊ देतात का?

देतात. मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून जा, शुक्रवारी दुपारी तर अजिबात नको. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नसतील तर कपितान केलिंग मशिदीत दाराशी झगे आणि डोक्याला ओढणी मिळते. महामारियम्मन मंदिर दुपारी बंद असतं, म्हणून सकाळीच उरका. चप्पल कुठे काढायची ते बाहेरच्या चपला पाहून कळतं, तेवढं आपल्याला येतं.

क्वान यिनच्या देवळात चप्पल काढायची पद्धत नाही. त्याची आपल्या लोकांना फार चुटपुट लागते. माझी सासू दोन्ही वेळा बाहेर काढूनच गेली आणि राखेने तळपाय काळे करून आली. तिथे लोक मनापासून नवस बोलत असतात, लाकडाचे दोन अर्धगोल तुकडे जमिनीवर टाकून देवीचा कौल घेत असतात. तोंडासमोर कॅमेरा धरू नका. आपल्या गुरवाला कौल लावताना कोणी असं केलेलं चालेल का?

8. आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

उपाशी नाही राहणार, पण ‘व्हेज’ एवढ्या एका शब्दावर विसंबू नका.

खरा शत्रू मांस नव्हे, बेलाचान. जवळा मीठ लावून वाटून आंबवलेला, त्याच्या वड्या. मलाय चटणीत, भाजीत, कधी साध्या परतलेल्या पालेभाजीतही असतो आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटतच नाही. कोकणातल्या माणसाला वासावरून कळेल. इतरांनी ‘तक मौ बेलाचान’, म्हणजे बेलाचान नको, हे पाठ करून जावं. रोटी चनाई या पराठ्यासारख्या रोटीसोबतच्या डालचात, म्हणजे डाळीच्या रश्श्यात, मटणाचं हाड असू शकतं, तेव्हा नुसती डाळ आहे का ते विचारा. ‘चार क्वे त्याऊ’ नावाच्या परतलेल्या तांदळाच्या नूडल्समध्ये कोळंबी आणि शिंपल्या असतात, चिनी गाड्यांवर बरेचदा डुकराची चरबीही.

सुरक्षित जागा दोन. एक, लिटल इंडियातली तमिळ शाकाहारी खानावळ: केळीचं पान, भात, सांबार, पापड. दोन, बौद्ध शाकाहारी चिनी दुकान. तिथे ‘素’ हे चिन्ह असतं, त्याचं चित्र फोनमध्ये ठेवा. तिथे बदक, मासा, डुक्कर असं सगळं ताटात दिसेल आणि सगळं सोयाबीन किंवा गव्हाच्या चिकाचं असेल. आमच्या एका पाहुण्यांनी ते पाहून ताट परत केलं आणि समजावूनही ऐकलं नाही.

प्यायला आणि गोडाला अडचण नाही. चेंदोल खा: बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, ताडगूळ, राजमा आणि पानदान नावाच्या सुगंधी पानांच्या रसाने हिरव्या झालेल्या शेवया. राजम्याला नाक मुरडू नका. आणि जायफळाचं सरबत घ्याच. आपण पुरणात किसतो ते बी. इथे वरच्या फळाच्या गराचा रस काढतात. कंपनीने 18व्या शतकाच्या अखेरीस या बेटावर जायफळाच्या बागा लावल्या, त्याची ही आठवण. चहात कंडेन्स्ड दूध आणि साखर दोन्ही असतं. काळा आणि बिनसाखरेचा हवा तर ‘तेह ओ कोसोंग’ म्हणा.

9. कांदा-लसूणही चालत नाही. मग?

मग वरच्या दोन जागांपैकी दुसरी. बौद्ध शाकाहारात कांदा-लसूण वर्ज्य मानतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो नसतोच. अंडं मात्र असू शकतं, विचारून घ्या. जैन मंडळींनी कंदमुळांचं वेगळं विचारावं.

मांसाहारी लोकांनी या प्रश्नात डोकावलं असेल तर त्यांच्यासाठी एकच सांगतो, नासी कांदार. तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावरच्या कावडीत एकीकडे भात आणि एकीकडे रस्सा घेऊन बंदरातल्या मजुरांना विकायचे. कांदार म्हणजे ती कावड. तीन-चार रस्से एकमेकांवर ओतून घ्यायचे, हेच त्याचं मर्म. वेगवेगळ्या वाट्या मागू नका.

10. चू जेटीवर लोक राहतात म्हणे. मग तिथे फिरणं बरं दिसतं का?

राहतात. समुद्रात रोवलेल्या खांबांवरची लाकडी घरं, मध्ये फळ्यांची वाट. एकेका आडनावाची एकेक जेटी: चू, लिम, तान, ली, यो. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या चिनी हमालांनी आणि नावाड्यांनी ही वसवली. घराखाली जमीनच नाही, त्यामुळे सातबारासारखा काही कागद नाही. राहणं तात्पुरत्या परवान्यावर, आणि असं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

चू जेटीवर आता दर दुसऱ्या घरात चुंबकं आणि आइसक्रीम विकतात. सकाळी नऊच्या आधी जा. म्हातारी माणसं वाळत घातलेल्या कपड्यांखाली पेपर वाचत बसलेली असतात, फळ्यांच्या फटीतून खाली पाण्याचा आवाज येतो. उघडं दार म्हणजे आमंत्रण नव्हे. चाळीत राहिलेल्यांना हे सांगायला नको. शेजारच्या तान जेटीची वाट अरुंद आणि लांब, टोकाला छोटं लाल देऊळ. गर्दी नको असेल तर तिकडे.

11. ती सायकलवरच्या मुलांची भिंत कुठे आहे?

लेबुह अर्मेनियनवर. रांग दिसली की पोचलात. लिथुआनियाच्या अर्नेस्ट झाखारेविच या चित्रकाराने 2012 मध्ये ती आणि आसपासची आणखी काही चित्रं काढली. मुलं रंगवलेली, सायकल खरी. ऊन-पावसाने चित्रं फिकट होत चालली आहेत. माझं मत विचाराल तर भिंतींवर तारांनी बनवलेली लोखंडी व्यंगचित्रं जास्त मजेची आहेत, कारण प्रत्येक चित्र त्या त्या गल्लीचीच गोष्ट सांगतं.

12. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. जमेल?

अर्धंच करा. अडचण अंतराची नाही, पायऱ्यांची आहे. दुकानांसमोरून छपराखालचा पाच फुटी पादचारी मार्ग जातो, त्याला ‘काकी लिमा’ म्हणतात: काकी म्हणजे पाय किंवा फूट, लिमा म्हणजे पाच. ऊन-पाऊस लागत नाही, पण प्रत्येक दुकानाची जमीन वेगळ्या उंचीवर. मध्ये स्कूटर, देव्हारा, कोणाची तरी खुर्ची. की रस्त्यावर उतरा, परत चढा. रस्त्याकडेला उघडी, खोल गटारं. चाकाच्या खुर्चीला हे फार कठीण.

उपाय दोन. धक्क्यापासून कोमतारपर्यंत जुन्या शहरातून फिरणारी ‘कॅट’ नावाची फुकट बस आहे. किंवा तीनचाकी ‘बेचा’ करा: बसणारा पुढे, चालवणारा मागे, त्यामुळे समोर सगळं मोकळं दिसतं. भाडं आधी ठरवा. शौचालयाच्या पाटीवर ‘तांदास’ असतं. ‘परम्पुआन’ बायकांचं, ‘लेलाकी’ पुरुषांचं. सुटी नाणी जवळ ठेवा.

13. मशिदीच्या नावातला ‘केलिंग’ हा शब्द वापरायचा नसतो असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि गुंता आहे. कलिंगावरून आलेला हा जुना शब्द. पूर्वी भारतीय किनाऱ्यावरून आलेल्या सगळ्यांना तोच म्हणत आणि ‘कपितान केलिंग’ हे मानाचं पद होतं. आज माणसाला उद्देशून तो शिवी ठरतो. मशिदीचं आणि रस्त्याचं नाव घेताना खुशाल घ्या. माणसाबद्दल बोलताना ‘इंडियन’ किंवा ‘तमिळ’ म्हणा.

14. एवढं सगळं जुनं टिकलं कसं? पाडून टॉवर कसे नाही झाले?

याचं उत्तर मुंबईतल्या पागडीच्या घरात राहिलेल्यांना पटकन कळेल. युद्धाआधीच्या इमारतींना भाडेनियंत्रण होतं. भाडं नाममात्र, म्हणून मालक दुरुस्ती करेना; भाडेकरू निघेना, म्हणून पाडताही येईना. 1 जानेवारी 2000 पासून ते नियंत्रण उठलं. भाडी एकदम चढली, आणि टोपल्या विणणारे, पाट्या कोरणारे, उदबत्त्या वळणारे बरेच जण शहराबाहेर गेले. मग 2008 चा वारशाचा दर्जा आला आणि रिकाम्या घरांत हॉटेलं आणि कॅफे आले. म्हणजे इमारती राहिल्या आणि माणसं बदलली. एखादा जुना कारागीर अजून दारात काम करत बसलेला दिसला तर फोटोआधी त्याच्याकडून काहीतरी विकत घ्या.

15. सणाच्या दिवसांत जावं की टाळावं?

कुठला सण, त्यावर आहे. तैपूसम या तमिळ सणाला (जानेवारी-फेब्रुवारी) मुरुगनचा, म्हणजे कार्तिकेयाचा, रथ लिटल इंडियातून निघून डोंगरावरच्या देवळाकडे जातो आणि रस्त्यावर नारळांचे ढीग फुटतात. फोडणाऱ्यांत चिनी लोकही भरपूर. ते जरूर पाहा, फक्त त्या दिवशी प्रश्न 5 मधला रस्ता विसरा. चिनी नववर्षाचे पहिले दोन दिवस दुकानं बंद, खायचे हाल. पण आठव्या रात्री चू जेटीवर स्वर्गाच्या सम्राटाचा वाढदिवस असतो, उसाच्या मोळ्या आणि टेबलांच्या रांगाच रांगा. रमजानमध्ये दिवसा मुसलमानांची बरीच दुकानं बंद आणि संध्याकाळी बाजार जोरात.

16. आमची क्रूझ फक्त काही तास थांबते. किंवा: क्वालालंपूरहून एका दिवसात येऊन जाऊ का?

दुसऱ्याचं आधी: नका. रेल्वेने बटरवर्थ चार तासांवर, मग फेरीबोट. येण्याजाण्यातच दिवस संपेल. एक रात्र तरी राहा. फेरीबोट मात्र चुकवू नका, पुलावरून येण्यापेक्षा समुद्रातून शहर हळूहळू जवळ येताना पाहणं कितीतरी छान.

भारतीय पासपोर्टवर 1 डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण ही सवलत मुदतीची आहे, तिकीट काढण्याआधी तपासा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा ऑनलाइन फॉर्मही भरायचा असतो.

आता क्रूझवाले. तुमचं जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं, तो किल्ल्याच्या अगदी शेजारी. किल्ला सोडा, चर्च बाहेरून पाहा. क्वान यिनचं देऊळ, महामारियम्मन, कपितान केलिंग मशीद, बस. मशिदीजवळून लिटल इंडियात वळा, एक तोसई खा, एक तेह तारिक, म्हणजे फेसाळ दुधाचा चहा, घ्या आणि लेबुह पंताईने परत धक्क्यावर. दोन तास. चित्रांची भिंत राहिली म्हणून हळहळू नका. आणि जहाजाचं घड्याळ शहराच्या घड्याळाशी जुळतं का ते उतरतानाच पाहून ठेवा.